यूएसबी ड्रायव्हर रॅम खातोय, रेफरन्स काउंट (एखादी मेमरी किती जणांनी धरलीय त्याचा आकडा) कुठंतरी अडकतोय, जरा बघा की

उद्यमबाग_बोर्डवाला

मंडळी, दोन महिने ह्या प्रकरणानं डोकं खाल्लंय, म्हणून शेवटी इथं टाकायलोय. फोनवरून लिहितोय आणि कीबोर्ड मराठी आहे, त्यामुळं फंक्शनची नावं पण देवनागरीतच येतील, समजून घ्या.

आम्ही बेळगावात उद्यमबागेत फाउंड्र्यांसाठी भट्टीचं टेंपरेचर नोंदवणारा बॉक्स बनवतो. आत एक छोटा ६४ बिट आर्म बोर्ड, रॅम ५१२ एमबी, लिनक्स ६.१, आणि यूएसबीवर थर्मोकपल (टेंपरेचर मोजायची तार) वाचणारं कार्ड. कार्ड बाहेरून घेतलेलं. त्याचा ड्रायव्हर आमच्यातल्याच एका पोरानं लिहिला होता, तो नोकरी लागून बेंगळुरूला गेला आणि आता ते झेंगट माझ्या गळ्यात. मी मूळचा पीएलसीवाला (कारखान्यातली मशीनं चालवणारे कंट्रोलर). सी येतं, पण कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) हात घालणं म्हणजे पोहायला न शिकता राकसकोप धरणाच्या पाण्यात उडी मारल्यासारखं झालंय.

तर प्रकार असा की बॉक्स अडीच आठवडे एकदम मस्त चालतो आणि मग मरतो. ओओएम किलर (रॅम संपली की प्रोग्रॅम मारणारा कर्नलचा भाग) येतो, आधी आमचा लॉगर (रीडिंग नोंदवणारा प्रोग्रॅम) मारतो, मग बाकीचे. सोमवारी सकाळी सहाला ऑपरेटरचा फोन ठरलेला, "सर, मत्त हँग आत्री" (परत हँग झालं). बंद करून चालू केलं की परत अडीच आठवडे शांती.

मी जे बघितलं ते सांगतो. इंडक्शन भट्टी चालू झाली की व्होल्टेज पडतं आणि कार्ड डिस्कनेक्ट होऊन परत कनेक्ट होतं, कधी कधी लागोपाठ आठ-दहा वेळा. डीमेसेजमध्ये (कर्नलचे मेसेज) नवीन डिव्हाइसचा नंबर वाढत वाढत १२७ पर्यंत जातो आणि परत सुरुवातीपासून. कार्ड पूर्ण उठलेलं नसतं तेव्हा आमचा ड्रायव्हर त्याला व्हर्जन विचारतो, उत्तर येत नाही, "व्हर्जन टाइमआउट" असं छापतो आणि प्रोब (कार्ड जोडलं की पळणारं ड्रायव्हरचं फंक्शन) फेल. मग कार्डाचा स्वतःचा वॉचडॉग त्याला रिसेट मारतो, ते परत जोडलं जातं, आणि कधीतरी एकदाचं लागतं.

आता आकडे. तीन दिवस नीट लिहून ठेवले. मेमइन्फोमधला एसअनरिक्लेम (कर्नलनं घेतलेली, सहज परत न मिळणारी मेमरी) तीन दिवसांत ४५ एमबीनं वाढला. पण स्लॅबटॉप (कर्नलची मेमरी कप्प्याकप्प्यानं दाखवणारी कमांड) उघडलं तर तिथं चोर सापडतच नाही! केमॅलोक-२के (२ केबीच्या तुकड्यांचा कप्पा) मध्ये ६६१ ऑब्जेक्ट वाढले, केमॅलोक-५१२ मध्ये पण जवळपास तेवढेच, दोन्ही मिळून दीड-पावणेदोन एमबी. मग बाकीचे ४३ एमबी कुणी गिळले? याच तीन दिवसांत "व्हर्जन टाइमआउट" ६०३ वेळा आलं.

प्रोबमध्ये काय आहे ते ओळीनं सांगतो. केझॅलोकनं (मेमरी घेणारं फंक्शन) आमचं स्ट्रक्चर, मग केरेफ_इनिट (त्याचा काउंट सुरू), मग यूएसबी_गेट_डेव्ह (यूएसबी डिव्हाइसचा काउंट एकनं वर), मग एंडपॉइंट (कार्डाशी डेटा देवाणघेवाणीची वाट) शोधणं, मग ६४ केबीचा बफर केमॅलोकनं, मग व्हर्जन वाचणं आणि ते फेल झालं तर रिटर्न, नाहीतर यूएसबी_रजिस्टर_डेव्ह. डिस्कनेक्टमध्ये (कार्ड निघालं की पळणारं फंक्शन) केरेफ_पुट (काउंट एकनं खाली) आहे. काउंट शून्य झाला की टीएम_डिलीट नावाचं फंक्शन येतं, त्यात यूएसबी_पुट_डेव्ह आणि दोन केफ्री (मेमरी परत देणं).

अजून एक, कधी कधी आरएमएमॉड (ड्रायव्हरचं मॉड्यूल काढायची कमांड) करायला गेलो की मॉड्यूल वापरात आहे म्हणतंय, कोण वापरतंय ते कळत नाही. त्याचा ह्याच्याशी संबंध आहे की नाही देव जाणे.

चिक्कोडी_एक्सप्रेस

सोपं आहे भावा. गेट जास्त झालेत आणि पुट कमी. डिस्कनेक्टमध्ये आणखी एक यूएसबी_पुट_डेव्ह टाक आणि विषय संपव. आणि तोपर्यंत रोज रात्री ३ ला रीबूट मारायला क्रॉन (ठरल्या वेळी कमांड पळवणारा) लाव, आमच्याकडं एक मशीन चार वर्षं असंच चाललंय 😄

निपाणी_टू_पुणे

थांब थांब थांब, ते वरचं अजिबात करू नकोस. क्रॉनचं ठीक आहे, पोट भरतं त्यावर, पण जादा पुट नको.

जे प्रोब यशस्वी झालेत त्यांचा हिशेब बरोबर आहे. एक गेट, शेवटी एक पुट. तिथं आणखी एक पुट टाकलंस तर यूएसबी कोअरनं स्वतःसाठी धरलेला रेफरन्स तू सोडून टाकशील, म्हणजे कोअर ज्याला अजून आपलं समजतंय ती मेमरी फ्री होणार. लीकमध्ये (घेतलेली मेमरी परत न जाणं) बॉक्स अडीच आठवड्यांनी मरतो, यात कधी मरेल ते सांगता येणार नाही आणि मरताना तिसऱ्याच ड्रायव्हरचं नाव घेऊन मरेल. लीक परवडला, पण हे नको.

आता तुझ्या आकड्यांकडं ये, कारण तू आकडे लई छान दिलेस, अर्धं काम तिथंच झालंय.

पहिलं, ४३ एमबी कुठं गेले. तुझा बफर ६४ केबीचा. आता ४ केबी पेज (मेमरीचं एक पान) असलेल्या कर्नलमध्ये स्लबचे (कर्नलचा मेमरीचे तुकडे वाटणारा भाग) केमॅलोकचे तयार कप्पे ८ केबीपर्यंतच असतात, त्याच्या वरचं मागितलं की केमॅलोक सरळ पेज अ‍ॅलोकेटरकडं जातो. त्यामुळं स्लॅबटॉपच्या यादीत तो बफर कधीच दिसणार नाही, पण एसअनरिक्लेमच्या बेरजेत मात्र तो धरला जातो. म्हणून तुला बेरीज दिसते आणि चोर दिसत नाही. आता गुणून बघ, ६६१ गुणिले ६४ केबी म्हणजे साधारण ४१ एमबी, त्यात यूएसबी डिव्हाइसचं स्ट्रक्चर (तेच केमॅलोक-२के मध्ये दिसतंय), त्याचे डिस्क्रिप्टर (डिव्हाइसची माहिती), तुझं स्वतःचं स्ट्रक्चर. आले ना ४५ च्या आसपास.

म्हणजे प्रत्येक वेळी अख्खा संसारच मागं राहतोय, नुसता बफर नाही. आणि हे रेफरन्स काउंटच्या लीकचं नेहमीचं लक्षण आहे, एक पुट चुकला की त्या ऑब्जेक्टच्या पोटात जे जे आहे ते सगळं अडकतं.

आता कुठं चुकलाय. तू लिहिलंस "ते फेल झालं तर रिटर्न". तो रिटर्नच खातोय. केरेफ_इनिट केलंस त्या क्षणी काउंट १ झाला, म्हणजे एक रेफरन्स तुझ्या हातात आहे. तिथून पुढं प्रोबमधून नुसतं रिटर्न करून बाहेर पडायचं नाही, गोटू एरर (खालच्या आवराआवर करणाऱ्या ओळींवर उडी), आणि एररला केरेफ_पुट, टीएम_डिलीटसकट. प्रोब फेल झाला तर कर्नल तुझं डिस्कनेक्ट कधीच बोलावत नाही, त्यामुळं तिथला पुट ह्या केसला उपयोगाचाच नाही. कर्नलच्या सोर्समध्ये ड्रायव्हर्स/यूएसबी मध्ये यूएसबी-स्केलेटन नावाची फाइल आहे, तुझा ड्रायव्हर तिच्यावरूनच उचललेला दिसतोय. ती उघड आणि शेजारी तुझी उघड. व्हर्जन वाचायचा तुकडा त्या पोरानं नंतर मधेच घुसवलाय आणि घुसवताना वरच्या ओळींसारखं गोटू लिहायचं विसरलाय, पैज लावतो.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. टाइमआउट ६०३ आणि ऑब्जेक्ट ६६१. ५८ चा फरक आहे. तो सोडून देऊ नकोस, तो दुसरा चोर आहे.

उद्यमबाग_बोर्डवाला

दादा तुमचं उत्तर यायच्या आधीच मी वरचा जादा पुट टाकून बघितला होता 🙈 टेबलावर कार्ड एकदा उपसून लावलं, लगेच डीमेसेजमध्ये "रेफकाउंट_टी: अंडरफ्लो, यूज-आफ्टर-फ्री" असा भला मोठा वॉर्निंग आला आणि दुसऱ्यांदा उपसल्यावर बोर्डच गार. काढून टाकला.

आणि हो, पैज जिंकलात. एंडपॉइंट नाही मिळाले तर गोटू एरर आहे, बफर नाही मिळाला तर गोटू एरर आहे, आणि मधेच व्हर्जनला सरळ रिटर्न. दोन महिने ही ओळ रोज बघत होतो.

चिक्कोडी_एक्सप्रेस

माफी भावा, माझंच चुकलं. आमच्याकडं चालतं ते रीबूटमुळंच चालत असणार, आता मलाच भीती वाटायलीय आत काय काय साठलंय त्याची.

एक विचारू? मग केझॅलोकच्या जागी डेव्हएम_केझॅलोक वापरलं तर? प्रोब फेल झाला की आपोआप फ्री होतं म्हणतात, गोटूची कटकटच नको.

खानापूरचा_पाऊस

डेव्हएम इथं चालणार नाही, आणि का चालणार नाही तेच ह्या सगळ्याचं मूळ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाहेर पाऊस असा लागलाय की कुठं जाता येत नाही, वेळच वेळ.

आमच्या गावात मंडळाची भांडी आहेत, लग्नाकार्याला नेतात. हंडे, पराती, ताटं. एक वही आहे. नेलं की नावावर लिहायचं, आणून दिलं की काट मारायची. वहीत कुणाचंच नाव शिल्लक नसेल तेव्हाच ती भांडी मोडीत काढायची, असा नियम. रेफरन्स काउंट म्हणजे ती वही. आता बघा भांडी हरवतात कधी, तर लग्न व्यवस्थित पार पडलं की सगळे आठवणीनं परत करतात. पण आदल्या दिवशी लग्न मोडलं तर? घरात रडारड, कुणाला भांड्यांची आठवण? महिनाभर ती परसात पडून राहतात आणि वहीत नाव तसंच. तुझा व्हर्जन टाइमआउट म्हणजे मोडलेलं लग्न. भांडी तर तू आधीच आणून ठेवलेली होतीस.

आणि एक्सप्रेसनं सांगितलेला जादा पुट म्हणजे शेजाऱ्याच्या नावावर काट मारून येणं. वही म्हणते कुणाकडं काही नाही, मंडळ भांडी मोडीत काढतं, आणि इकडं शेजारी त्यात आमटी शिजवतोय.

आता डेव्हएम. डेव्हएमनं घेतलेली मेमरी ड्रायव्हर डिव्हाइसपासून सुटला की जाते, म्हणजे कार्ड उपसलं की गेली. पण तुमच्या कार्डाची डेव्हमधली फाइल लॉगरनं उघडून ठेवलेली असते. त्यानं ओपन केलं तेव्हा केरेफ_गेट झालाय, तो अजून ते स्ट्रक्चर वापरतोय. कार्ड गेलं तरी लॉगर क्लोज करेपर्यंत स्ट्रक्चर जिवंत पाहिजे, म्हणून तर केरेफ ठेवलाय. तिथं डेव्हएम लावलं तर वहीला न विचारता भांडी उचलून नेल्यासारखं होतं. ज्या गोष्टीचं आयुष्य डिव्हाइस जोडलेलं असेपर्यंतच आहे (क्लॉक, रजिस्टरचं मॅपिंग असलं काही) तिथं डेव्हएम झकास. ज्याला यूजरस्पेस (कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम) धरून बसू शकतो तिथं नाही.

आता तुमचा ओपन (फाइल उघडताना पळणारं फंक्शन) बघा. स्केलेटनमध्ये आधी यूएसबी_ऑटोपीएम_गेट_इंटरफेस (डिव्हाइसला झोपेतून उठवून जागं ठेवणारं) आहे आणि ते जमलं तरच नंतर केरेफ_गेट. तुमच्याकडं क्रम उलटा असेल आणि ऑटोपीएम फेल झाल्यावर सरळ रिटर्न असेल तर तिथं पण एक अडकतो. हे मी अंदाजानं बोलतोय, पण असे उलटे क्रम मी इतके बघितलेत की विचारल्याशिवाय राहवत नाही.

आणि पॉवर मॅनेजमेंटचा विषय निघालाच आहे तर एक खड्डा दाखवून ठेवतो. यूएसबीचं ते ऑटोपीएमवालं फंक्शन फेल झालं तर स्वतः वाढवलेला काउंट स्वतःच खाली आणतं, तुम्ही काही करायचं नाही. पण साध्या प्लॅटफॉर्म (बोर्डावरच्याच चिपच्या) ड्रायव्हरमध्ये पीएम_रनटाइम_गेट_सिंक वापरलं तर ते फेल झालं तरी काउंट वाढलेलाच राहतो! एरर आली म्हणून तुम्ही रिटर्न केलं की अडकला, मग ते डिव्हाइस पुन्हा झोपतच नाही. ह्यात मी स्वतः एक अख्खा श्रावण घालवलाय, बॅटरीवरचं मशीन होतं, रात्रीत बॅटरी उतरायची. ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आलंय, ते फेल झालं तर काउंट परत जागेवर आणून ठेवतं. नवीन कोडमध्ये तेच वापरा.

तर "गेट" असं नाव बघून हिशेब धरू नका, फेल झाल्यावर काउंट कुठं राहतो ते प्रत्येक फंक्शनचं वेगळं असतं. वरची कॉमेंट वाचायची, नाहीतर सरळ आतला कोड.

तिसरं_गेट

बेळगावच्या टिळकवाडीत पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, रेल्वेची तीन तीन गेटं आहेत आणि पुट एक पण नाही, म्हणून तर ट्रॅफिक लीक होतंय 😂

बरं, जोक झाला. मी डिव्हाइस ट्रीवाल्या (बोर्डावर काय काय आहे त्याची झाडासारखी यादी) ड्रायव्हरमध्ये असतो, तिथं ह्याच रोगाचा दुसरा अवतार आहे. फॉर_ईच_चाइल्ड_ऑफ_नोड नावाचा लूप पुढच्या चाइल्डवर जाताना आधीच्याचा पुट स्वतःच करतो. पूर्ण फिरला तर हिशेब चोख. पण मधेच ब्रेक किंवा रिटर्न मारून बाहेर पडलात तर हातातल्या त्या एका नोडचा पुट राहतो, ऑफ_नोड_पुट आपण करायचा. बघा, इथं पण तेच, मोडलेलं लग्न. ६.९ पासून ह्या लूपचा स्कोप्डवाला प्रकार आलाय, त्यात बाहेर पडताना आपोआप पुट होतो, पण तुम्ही ६.१ वर आहात, तुम्हाला मिळणार नाही.

अजून एक खुबी. ऑफ_फाइंड_कंपॅटिबल_नोड ला पहिला आर्ग्युमेंट म्हणून जो नोड देता, त्याचा पुट ते आतल्या आत करून टाकतं. लोक बाहेरून परत करतात आणि अंडरफ्लो. म्हणजे कधी आपण द्यायचं विसरतो आणि कधी त्यानं आधीच घेतलेलं परत देतो.

आणि खरं सांगायचं तर साध्या बोर्डवर, जिथं डिव्हाइस ट्री बूटला एकदा वाचली की बदलतच नाही, तिथं हा नोडचा लीक कागदावरच असतो. ऑफ_डायनॅमिक (चालू असताना ट्री बदलायची सोय) बंद असेल तर हे गेट आणि पुट दोन्ही रिकामे असतात, काहीच करत नाहीत. ओव्हरले (ट्रीला वरून जोडायचा तुकडा) चढवायला-उतरवायला लागलात की मग खरी गंमत, कर्नल स्वतःच तोंडावर सांगतं की रेफकाउंट १ पाहिजे होता आणि २ आहे, गेट-पुट जुळत नाहीत. म्हणून कुणी नुसत्या कोड तपासणाऱ्या स्कॅनरच्या रिपोर्टवरून पन्नास पुट टाकलेला पॅच आणला की माझा पहिला प्रश्न असतो, चालवून बघितलंस काय? वीस वर्षं निवांत चाललेल्या कोडमध्ये चुकीचा एक पुट पडला तर लीकपेक्षा वाईट.

निपाणी_टू_पुणे

गेट भाऊ शंभर टक्के सहमत.

बोर्डवाल्या, टेस्ट कशी करायची ते सांगतो, भट्टीजवळ जाऊन अडीच आठवडे थांबायची गरज नाही. ड्रायव्हरला एक मॉड्यूल पॅरामीटर घाल, तो १ असेल तर व्हर्जन वाचणारं फंक्शन कार्डाला न विचारताच टाइमआउटची एरर परत देईल. मग सिसएफएसमध्ये (कर्नल आपली माहिती दाखवतं ते फोल्डर) तुझ्या ड्रायव्हरच्या फोल्डरात बाइंड नावाची फाइल आहे, तिच्यात इंटरफेसचं नाव (१-१:१.० असं काहीतरी) एको कर, प्रोब पळेल आणि फेल होईल. हे शेलच्या लूपमध्ये १००० वेळा. आधीचा आणि नंतरचा एसअनरिक्लेम लिहून ठेव. जुन्या ड्रायव्हरवर आधी कर, फरक दिसला पाहिजे, नाहीतर तुझी टेस्टच खोटी.

एक ध्यानात ठेव, ह्या पद्धतीत कार्ड जागेवरच असतं, त्यामुळं तुझं स्ट्रक्चर आणि बफर लीक होताना दिसेल, पण यूएसबी डिव्हाइसचं स्ट्रक्चर एकच आहे, त्याचा नुसता काउंट चढत राहील. केमॅलोक-२के हलणार नाही. ते बघायचं तर कार्ड खरोखर उपसायला लागेल.

जमलं तर केमेमलीक (कर्नलमधला लीक शोधणारा) चालू करून कर्नल बांध. डीबग एफएसमधल्या केमेमलीक फाइलीत "स्कॅन" एको करायचं, थोडं थांबून परत एकदा करायचं, मग कॅट. ज्याच्याकडं कुठलाच पॉइंटर उरलेला नाही ते तो दाखवतो, कुठल्या फंक्शननं घेतलं त्याच्या बॅकट्रेससकट (कुणी कुणाला बोलावलं ती साखळी). पण जो ऑब्जेक्ट अजून कुठल्यातरी लिस्टमध्ये टांगलेला आहे किंवा उघड्या फाइलीकडून धरलेला आहे, आणि फक्त काउंट एकनं जास्त आहे, तो केमेमलीकला दिसत नाही. त्याच्या दृष्टीनं तो सांभाळलेलाच आहे. तुझे ते ५८ कदाचित अशातले असतील.

आणि मॉड्यूल वापरात आहे म्हणतंय ना, तो संबंध आहे बरं का. एलएसमॉडमध्ये (मॉड्यूलची यादी दाखवणारी कमांड) तुझ्या मॉड्यूलपुढं जो आकडा येतो तो लिहून ठेव.

उद्यमबाग_बोर्डवाला

आठवडा गेला मधी, माफ करा, गणपतीच्या मंडपाच्या लायटिंगचं काम गळ्यात पडलं होतं.

तर रिपोर्ट. जुन्या ड्रायव्हरवर १००० वेळा बाइंड मारलं, ६० एमबीच्या वर गेले डोळ्यादेखत. केमेमलीकमध्ये यादीच्या यादी, आकार ६५५३६, आणि खाली बॅकट्रेसमध्ये आमचाच प्रोब. आधी फील्डवरच्या बोर्डवर केमेमलीक लावलं होतं तर तिथं प्रोसेसचं नाव केवर्कर असं काहीतरी यायचं, मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे, मग कळलं की यूएसबी हबचं काम केवर्करच करतो आणि आमचा प्रोब त्याच्याच अंगावर पळतो.

रिटर्नच्या जागी गोटू एरर केलं. एका ओळीचा बदल! परत १००० वेळा, एसअनरिक्लेम जागचा हलला नाही, थोडं इकडंतिकडं. केमेमलीक रिकामं. अंडरफ्लोचं वॉर्निंग पण नाही.

पाऊसभाऊंचा अंदाज पण खरा, ओपनमध्ये आधी केरेफ_गेट होता आणि ऑटोपीएम फेल झालं तर रिटर्न. क्रम बदलला.

बॉक्स परत फाउंड्रीत लावला. तीन दिवसांनी बघितलं तर... अजून दिवसाला १.३ एमबीच्या आसपास वाढतंयच. आणि एलएसमॉडमध्ये आकडा ६१. लॉगर तर एकच आहे, ६१ कसे?

निपाणी_टू_पुणे

६१ म्हणजे तुझी डिव्हाइस फाइल ६१ वेळा उघडी आहे. ड्रायव्हर सोड आता, लॉगरकडं बघ. लॉगरच्या पीआयडीवर (प्रोसेस नंबर) एलएसओएफ (उघड्या फाइली दाखवणारी कमांड) मार आणि कार्डाच्या नावाचं काय येतं ते सांग.

उद्यमबाग_बोर्डवाला

हाणा मला कुणीतरी.

६१ ओळी. त्यातल्या ६० पुढं "डिलीटेड" लिहिलेलं आणि शेवटची एक जिवंत. लॉगर पायथनमध्ये मीच लिहिलाय. रीडला एरर आली की दोन सेकंद थांबतो आणि परत ओपन करतो. जुना क्लोज कुठंच नाही. म्हणजे लॉगर चालू असताना कार्ड गेलं की दर वेळी एक जुनी फाइल धरून ठेवत होतो, आणि तिच्यासोबत ड्रायव्हरचं स्ट्रक्चर, ६४ केबी, यूएसबी डिव्हाइस, सगळं. दिवसाला वीसेक. तुमचे ते ५८ मिळाले.

पण मला वाटायचं पायथन आपोआप बंद करतं?

खानापूरचा_पाऊस

साधं ओपन वापरलं असतंस तर केलंही असतं. पायथनचा फाइल ऑब्जेक्ट पण रेफरन्स काउंटवरच जगतो, व्हेरिएबलमध्ये नवीन फाइल ठेवली की जुन्याचा काउंट शून्य आणि फाइल बंद. पण तू ओएस मॉड्यूलमधला ओपन वापरला असणार, तो नुसता एक पूर्णांक देतो. ७ चं ८ झालं म्हणून ७ नंबरची फाइल कोण बंद करणार? आकड्याला वही नसते.

एरर पकडतोस तिथंच आधी ओएसचा क्लोज, मग झोप, मग ओपन. आणि तुझा ड्रायव्हर इथं एकदम बरोबर वागत होता बरं का, कुणीतरी धरलंय म्हणून त्यानं सोडलं नाही. त्या बेंगळुरूवाल्याला एवढी तरी शाबासकी द्या.

तिसरं_गेट

म्हणून म्हणतो, आरएमएमॉड नाही म्हणालं की लोक फोर्स (जबरदस्तीनं काढायचा पर्याय) शोधतात. त्या आकड्याचं ऐकायचं. एलएसमॉड वाढलेलं असेल तर बहुतेक वेळा यूजरस्पेस धरून बसलाय. एलएसमॉड शून्य आणि मेमरी तरी चढतेय, तर मग प्रोबचे एरर पाथ वाचायला बसायचं.

नेटवर्क ड्रायव्हरवाल्यांचं मात्र वेगळंच दुखणं, "अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर इथ० टू बिकम फ्री, यूसेज काउंट अमुक" असं दर दहा सेकंदांनी छापत बसतं आणि कुणी धरलंय ते सांगत नाही. त्यासाठी ५.१७ मध्ये रेफ ट्रॅकर आला, कोणी कुठून गेट केला ते तो लिहून ठेवतो. म्हणजे वहीत नुसता आकडा नाही, नाव पण.

उद्यमबाग_बोर्डवाला

ओएसवाला ओपनच होता 🙏 कुणाच्या तरी ब्लॉगवरून उचलला होता, का ते आठवत पण नाही.

क्लोज टाकला. आज २३ वा दिवस. एसअनरिक्लेम पहिल्या दिवशी होता तिथंच आहे, एलएसमॉड १. सोमवारी सहाला फोन आला नाही, सवयीनं मीच जागा झालो.

चिक्कोडी_एक्सप्रेस

अभिनंदन भावा! पण एक सांग, कार्ड दिवसातून २०० वेळा मरतंय त्याचं काय? भट्टीच्या लाइनवरच सप्लाय घेतलाय काय? कार्डाला वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि तारेवर फेराइट (डिस्टर्बन्स अडवणारी रिंग) टाक की, मूळ रोग तो आहे.

उद्यमबाग_बोर्डवाला

मालकाला सांगून बघितलं. म्हणाले, "आता हँग होत नाही ना? मग कशाला एसएमपीएस?"

चिक्कोडी_एक्सप्रेस

आमच्याच मालकाचा भाऊ दिसतोय 😄 मी पण काल क्रॉन काढून बघितला, सहा तासांत एलएसमॉड १४. नवीन धागा काढतो उद्या, तुम्ही सगळे या.